प्रशिक्षणार्थी डूला: पहिली बाळंतपणे कशी मिळवावीत? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी डूला, म्हणजे प्रसूतीच्या काळात मातेला सोबत आणि आधार देणारी व्यक्ती, होण्याचे प्रशिक्षण घेत आहे. वर्गातील अभ्यास पूर्ण झाला आहे. मात्र प्रमाणपत्रासाठी प्रत्यक्ष बाळंतपणांना उपस्थित राहून त्यांच्या नोंदी आणि मातांचे अभिप्राय सादर करावे लागतात, आणि गाडी तिथेच अडली आहे. ज्या जोडप्यांशी बोलणे होते, त्यांचा पहिला प्रश्न असतो, "आजवर किती बाळंतपणांना होतात?" मी खरे उत्तर देते आणि पुढे फारसे बोलणे होत नाही.

त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. सततच्या सोबतीचा उपयोग होतो हे मी सांगू शकते: 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था आहे) 26 चाचण्यांमधून असे दिसले की अशी सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते आणि सिझेरियनची कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्ये मातेच्या पसंतीची सोबतीण किंवा सोबती असावा अशी शिफारस केली. मला व्यक्तिशः धीर देतो तो 1980 मध्ये प्रसिद्ध झालेला ग्वाटेमालातील अभ्यास, कारण तिथे सोबत करणाऱ्या बायका वैद्यकीय शिक्षण नसलेल्या आणि मातेला पूर्वी न भेटलेल्या होत्या. तरीही यातले काहीच "तुम्हीच का?" या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

वर्गात काय शिकता येते आणि काय नाही, हे एका उदाहरणाने सांगते. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर कळा बहुधा कमरेत येतात. अशा वेळी कळ सुरू होताच तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर घट्ट दाब द्यायचा आणि कळ ओसरताना तो हळूहळू सोडायचा. हे आम्ही एकमेकींवर पुष्कळ वेळा केले, पण आमच्यापैकी कोणालाही कळा येत नव्हत्या. जिला अर्ध्या तासापूर्वी तो दाब हवाहवासा वाटत होता, तीच गर्भाशयमुख पूर्ण उघडण्याच्या सुमारास "हात लावू नका" म्हणू शकते. तो क्षण तिने बोलून दाखवण्याआधी ओळखणे मला खोलीत बसूनच शिकता येईल. त्याच वेळी, कोणाही पहिलटकरणीच्या आयुष्यातला हा दिवस माझ्या सरावाचे साधन ठरू नये, ही काळजीही मनातून जात नाही.

म्हणून अनुभवी मंडळींना विचारते. आपली पहिली बाळंतपणे कोणामार्फत मिळाली: प्रसूतिपूर्व वर्ग घेणाऱ्या शिक्षिका, सुईणी, स्तनपान सल्लागार की ओळखीपाळखीतून? एखाद्या अनुभवी डूलासोबत मदतनीस म्हणून जाण्याचा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो, पण अनेक रुग्णालये मातेजवळ एकाच व्यक्तीला थांबू देतात. मग ही परवानगी कोणी आणि किती आधी मागावी? प्रसूतितज्ज्ञांना भेटताना, मी आतून तपासणी करत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही आणि उपचारांचा निर्णय माता व डॉक्टर यांच्यावरच सोडते, एवढे स्पष्ट केले तर त्यांची शंका दूर होते का?

मानधनाबद्दल माझेही मत डळमळीत आहे. विनामूल्य काम केले तर परवडत नसलेल्या स्त्रीलाही सोबत मिळते, हे खरे. परंतु अडतिसाव्या आठवड्यापासून रात्री-अपरात्री निघण्याची तयारी ठेवायची, तर प्रवासाचा आणि मुलांना कोणाकडे ठेवण्याचा खर्च तरी मिळावा असे वाटते. प्रशिक्षणाच्या काळात आपण काय ठरवले होते? आणि एकाच वेळी दोघींचे दिवस भरले, तर पर्यायी डूलाची ओळख मातेशी आधीच करून देता का?

नोंदी ठेवताना मातेची खासगी माहिती कशी जपावी आणि अभिप्राय बाळंतपणानंतर किती दिवसांनी मागावा, हेही कळले तर मदत होईल.