स्क्रीम व्होकल्स रेकॉर्ड झाल्यावर पातळ आणि किरकिरे येतात, काय बदलावं?

तळघर_पुणे
पाच मराठी गाण्यांचं रेकॉर्डिंग घरीच चालू आहे. ड्रम्स प्रोग्रॅम केलेले, गिटार ड्रॉप ए (खालच्या सुरात लावलेली), ते सगळं बसलंय. अडलंय व्होकल्सवर. तालमीत अंगावर येणारा आवाज ट्रॅकवर पातळ होतो, मध्येच नाकातून आल्यासारखा वाटतो आणि हाय स्क्रीमला कान किरकिरतात.

सामान : शुअर एसएम ५८ माइक (गायक हातात धरून गातो, स्टेजवर धरतात तसा), स्कारलेट २आय२ थर्ड जेन इंटरफेस, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. खोली दहा बाय दहा, भिंती उघड्या. लो स्क्रीम फॉल्स कॉर्डने (स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांनी), हाय फ्रायने (खऱ्या स्वरतंतूंच्या करकरीने). कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारा) ४:१, तीन-चार डीबी रिडक्शन. माइक बदलायचा का? बजेट पंधरा हजार.

खर्जातला
माइक राहू द्या, आधी तो हातातून काढून स्टँडवर लावा. ५८ च्या जाळीला पंजा आवळला की कॅप्सूलच्या मागून हवा घेणाऱ्या फटी बंद होतात. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक मग जवळपास चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि एक-दोन किलोहर्ट्झच्या आसपास फुगवटा येतो. तुमचा 'नाकातला' आवाज तो. तालमीत त्यानेच आवाज मोठा वाटतो, म्हणून गायकांची ही सवय सुटत नाही.

अंतर पाच ते आठ सेंटिमीटर. पॉप फिल्टर जाळीपासून चार बोटांवर पक्का करा आणि गायकाला सांगा, ओठ फिल्टरला जवळपास टेकलेले राहिले पाहिजेत. प्रॉक्सिमिटी इफेक्टमुळे (माइक जवळ असला की खालचे सूर फुगतात) मिळणारं खालचं वजन पंधरा-वीस सेंटिमीटरवर बरंचसं गेलेलं असतं. प्रत्येक ओळीला माणूस मागे-पुढे झाला तर प्रत्येक ओळीचा टोन वेगळा, तो नंतर ईक्यूने (फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करून) जुळत नाही. माइक तोंडाच्या उंचीवर, पण पंधरा-वीस अंश तिरपा, म्हणजे 'भ', 'फ', 'ध' चा वारा थेट कॅप्सूलवर बसत नाही. उंच लावू नका. हनुवटी वर गेली की घसा ताणतो.

गेन (इनपुटची पातळी) लावताना 'चेक चेक' नको, गाण्यातली सगळ्यात जोरकस ओळ पूर्ण ताकदीने घ्या. पीक उणे १० ते उणे ६ डीबीएफएस (शून्य म्हणजे कमाल पातळी), २४ बिट. चांगला फ्राय ऐकायला राक्षसी असला तरी प्रत्यक्षात फार मोठा नसतो, फॉल्स कॉर्ड त्याहून खूप मोठा. त्यामुळे दोघांना वेगळे ट्रॅक आणि वेगळा गेन.

आता खोली. सगळे फोम माइकच्या मागे लावतात, पण कार्डिऑइडचा पाठीमागचा कान तसाही मंद असतो. तो बघतो गायकाकडे, म्हणजे गायकाच्या पाठीमागच्या भिंतीकडे. जाड गादी किंवा दोन-तीन रजया गायकाच्या पाठीमागे कोपरा करून टांगा, जमलं तर एक डोक्यावर. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, काही शोषत नाहीत. पंखा बंद.

फेडरवर_बोट
वरचं सगळं झाल्यावर मिक्सिंग. तीन-चार डीबी कॉम्प्रेशन म्हणजे स्क्रीमला काहीच नाही. एकूण १० ते १५ डीबी लागतं, फक्त एका कॉम्प्रेसरकडून नाही.

पहिला ११७६ जातीचा जलद कॉम्प्रेसर, ८:१, सहा-आठ डीबी. (त्याची अटॅकची, म्हणजे किती लवकर दाबायला लागतो त्याची, कळ उलटी असते, पूर्ण उजवीकडे म्हणजे सर्वांत जलद. हे माहीत नसलेले बरेच जण 'पंच येत नाही' म्हणत बसतात.) दुसरा एलए-२ए सारखा संथ, तीन ते पाच डीबी. रीपरमधलाच रीकॉम्प वापरायचा तर अटॅक एक ते तीन मिलिसेकंद, रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) पन्नासच्या आसपास. अटॅक शून्यावर नेला तर 'क', 'ट', 'त' ची धार जाते आणि मग शब्द नाही, नुसता गडगडाट ऐकू येतो.

कॉम्प्रेसरच्या आधी हाय पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) ९०-१०० हर्ट्झ, लो ग्रोलला ८०. जवळून घेतल्यामुळे २५० ते ४०० मध्ये गढूळपणा जमेल, तिथे दोन-तीन डीबी कमी. किरकिर २.५ ते ४.५ किलोहर्ट्झमध्ये असते, पण तिथे कायमचा खड्डा खणू नका. लो ओळींना तीच जागा गिटारच्या भिंतीतून बाहेर काढते. डायनॅमिक ईक्यू लावा, हाय स्क्रीम आला की तेवढ्यापुरतंच दाबेल. 'स', 'श' साठी सहा-आठ किलोहर्ट्झवर डी-एसर (तेवढीच धार दाबणारा).

इतक्या कॉम्प्रेशननंतर श्वास शब्दांएवढेच मोठे होतात. गेट (हळू आवाज बंद करणारा) लावलात तर ओळींची शेपूट कापली जाईल, त्यामुळे हाताने आठ-दहा डीबी खाली घ्या. सगळे पुसू नका, ब्रेकडाऊनच्या (गाण्यातल्या संथ, जड भागाच्या) आधीचा एखादा श्वास कामाचा असतो.

डिस्टॉर्शन थेट ट्रॅकवर नको. स्क्रीममध्ये आधीच भरपूर गोंगाट आहे, त्यावर आणखी टाकला की वाळू ओतल्यासारखं होतं. वेगळ्या बसवर (जोडीच्या ट्रॅकवर) सॅच्युरेशन, म्हणजे सौम्य डिस्टॉर्शन, त्याला २०० च्या खाली आणि पाच-सहा हजारांच्या वर कापून, मूळ आवाजाखाली जेमतेम जाणवेल इतकंच.

रिव्हर्बपेक्षा (घुमण्यापेक्षा) डिले (ठरावीक वेळाने परत येणारा आवाज) बरा. १८० बीपीएमला आठव्या नोटचा डिले १६७ मिलिसेकंद. ओळ चालू असताना डिले साइडचेनने (व्होकल आला की आपोआप खाली जाईल असा) दाबून ठेवा, ओळ संपली की वर येऊ द्या.

पडजीभ
कंडेन्सर माइक घ्या असं कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच. हाय फ्रायचा बारीक पोत मोठ्या डायाफ्रामच्या कंडेन्सरवर सुंदर येतो हे खरं, पण त्याला सुधारलेली खोली हवी. तुमच्या उघड्या भिंती तो आणखी ऐकवेल. एसएम ७बी (शुअरचाच वरचा माइक) बजेटबाहेर आहे. पुढे घेतलात तर बोलण्यासाठी लागतो तसा वेगळा बूस्टर स्क्रीमला लागणार नाही, २आय२ चा ५६ डीबी गेन पुरतो. आत्ता पैसे रजया आणि बंद हेडफोनवर घाला.

हेडफोनकडे कोणी बघत नाही. गायकाला स्वतःचा आवाज नीट आला नाही की तो जोर लावतो, जोर लावला की घसा आवळतो, आणि आवळलेला स्क्रीम पातळच असतो. त्याच्या कानात व्होकल्स गिटारपेक्षा मोठे, थोडं कॉम्प्रेशन आणि किंचित रिव्हर्ब लावून द्या (रेकॉर्ड मात्र कोरडंच). बफर ६४ किंवा १२८ सॅम्पल, म्हणजे कानात आवाज उशिरा येत नाही.

मराठी शब्दांचंही बघा. लांबवलेला 'ई' आणि 'ऊ' स्क्रीममध्ये गुदमरतो, तोंड पुरेसं उघडत नाही. 'ई' ला 'ए' कडे आणि 'ऊ' ला 'ओ' कडे झुकवा, ऐकणाऱ्याला शब्द कळतोच. ओळ लांबवलेल्या 'ई'वर संपत असेल तर शब्दच बदला.

सर्वांत लांब आणि कठीण किंकाळ्या वॉर्मअप झाल्याबरोबर घ्या, सोप्या ओळी मागाहून. सलग पाऊण तासापेक्षा जास्त नको. घसा दुखला किंवा खाजला तर त्या दिवशीचं काम तिथेच बंद. औषधी गोळी चघळून पुढे रेटू नका, ती दुखणं लपवते.

तळघर_पुणे
स्टँड आणि रजयांनीच निम्मा फरक पडला, आभार. डबल (त्याच ओळीचे जादा टेक) किती घ्यायचे? एकच टेक कॉपी करून डावी-उजवीकडे टाकला तर चालेल का?

फेडरवर_बोट
कॉपीने रुंदी येत नाही, नुसता आवाज वाढतो. थोडी सरकवली तर मोनोत फेझिंग (दोन्ही एकमेकांना कापून आवाज पोकळ होतो). खरे वेगळे टेक हवेत. लीड मध्यभागी एकटा. कोरसला आणि ठळक शब्दांना दोन डबल, ७० ते १०० टक्के डावी-उजवीकडे, लीडपेक्षा सहा ते दहा डीबी खाली. सगळ्या गाण्याला डबल लावलेत तर कोरस आल्याचं कळणारच नाही.

हायखाली तीच ओळ लोमध्ये घेतली तर वजन सर्वांत जास्त येतं, लो अगदी हळू ठेवला तरी. डबलमधले 'स', 'ट', 'च' फेड करून काढून टाका, ते लीडचेच ऐकू येऊ देत; नाहीतर एका 'ट' चे तीन 'ट' होतात. ओळीची सुरुवात आणि शेवट हाताने जुळवा, मधलं हललेलं राहू द्या.

पडजीभ
आणि डबल लीडच्याच दिवशी, त्याच ओळीच्या पाठोपाठ घ्या. दुसऱ्या दिवशी घशाचा पोत वेगळा असतो, थर एकमेकांत मिसळत नाहीत.