केकमधली अंडी कुठली?

रविवार, २१ डिसेंबर २०२५, सोसायटीचा ग्रुप (तिन्ही विंग)

बी-३०२ काकू: *फॉरवर्ड* सावधान!!! अंड्यांत कॅन्सरचं औषध सापडलंय. लहान मुलांना अंडी देणं आजपासून बंद करा. किमान १० ग्रुपवर पाठवा 🙏🙏

ए-१०१ आजोबा: कॅन्सरचं औषध सापडलं असेल तर आनंदाची बातमी आहे की, घाबरायचं काय त्यात

बी-३०२ काकू: आजोबा थट्टा नको, कॅन्सर होणारं औषध असं म्हणायचंय त्यांना. टीव्हीवर पण चाललंय सारखं. ए-२०४ ताई, तुमच्याकडे २५ तारखेचा केक सांगितलाय तो तूर्तास कॅन्सल समजा हं, राग मानू नका, नातू चार वर्षांचा आहे

सी-३०३: आमचा पण एक किलोचा प्लम केक होल्डवर ठेवा प्लीज

बी-१०४: +१

ए-२०४ केकवाली ताई: वा. चहा प्यायच्या आत तीन ऑर्डर गेल्या. मनुका आणि जर्दाळू पंधरा दिवसांपासून संत्र्याच्या रसात भिजत पडलेत, मोठी बरणी भरून आहे, त्याचं काय करू आता? आणि माझी अंडी कोणी तपासली म्हणे?

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर वैयक्तिक ऑर्डरी नकोत. मंगळवारी टाकी सफाई आहे, पाणी भरून ठेवणे.

बी-४०३ डॉक्टर मॅडम: फॉरवर्डमध्ये अर्धीच गोष्ट आहे म्हणून सांगते. एका ब्रँडेड अंड्याची टेस्ट एका यूट्यूब चॅनेलने लॅबमध्ये करून घेतली, त्यात एओझेड सापडलं. फ्युराझोलिडोन म्हणून एक अँटिबायोटिक आहे, नायट्रोफ्युरान गटातलं, ते कोंबडीच्या अंगात मोडलं की जे उरतं ते हे. पूर्वी कोंबड्यांच्या पोटाच्या इन्फेक्शनवर द्यायचे, आता आपल्याकडे अंडी आणि कोंबडीसाठी कुठल्याच टप्प्यावर द्यायला बंदी आहे. रिपोर्टमधला आकडा किलोला ०.७ मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्यावरून एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने, देशभर सॅम्पल घ्यायला सांगितले, आणि काल त्यांनी सांगितलं की अंडी सुरक्षित आहेत, कॅन्सरशी जोडणं दिशाभूल करणारं आहे. त्यांची कारवाईची रेषा किलोला १ मायक्रोग्रॅमची आहे.

बी-३०२ काकू: डॉक्टर एक कळलं नाही. बंदी आहे ना? मग १ पर्यंत चालतं कसं? बंदी म्हणजे शून्यच पाहिजे

बी-४०३ डॉक्टर मॅडम: अगदी बरोबर विचारलंत काकू. चालतं असं नाही त्याचा अर्थ. त्याच्याखालचं सगळ्याच लॅबच्या मशीनना खात्रीने पकडता येत नाही म्हणून कारवाईसाठी तिथे रेषा मारलीये

ए-१०१ आजोबा: भाजीवाल्याच्या काट्यावर एक लवंग ठेवली तर काटा हलत नाही. म्हणून लवंग नाहीच असं थोडंच

बी-४०३ डॉक्टर मॅडम: हो तसंच काहीसं. आणि ते प्रोटीनला चिकटून बसतं, उकडून जात नाही. उकडायचं ते जंतूंसाठी. पण एवढ्याशाने अंडी बंद करू नका हो, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांचं हिमोग्लोबिन आणि प्रोटीन दोन्हीची बोंब आहे

सी-३०३: आम्ही म्हणूनच गावरान आणतो. दहाचे वीस गेले तरी चालतील पण प्युअर

ए-१०१ आजोबा: आमच्या हिने मागच्या महिन्यात रस्त्यावरून गावरान म्हणून डझनभर आणली, उकडायला ठेवली तर पाण्याला चहाचा रंग आला आणि अंडी बाहेर आली ती पांढरी स्वच्छ. कोंबडीपेक्षा रंगारी हुशार

सी-२०५ दादा: 😂😂😂

सी-५०१ ताई: जरा मोठं लिहितेय, वेळ असेल तर वाचा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये आम्ही नेदरलँड्सला होतो, आइंडहोवनला, मुलगी दीड वर्षाची, तिचं रोजचं एक अंडं ठरलेलं, आणि एक दिवस बातम्यांत हेच सुरू झालं, अंड्यांत फिप्रोनिल. फिप्रोनिल म्हणजे आपण ओट्याखाली झुरळांसाठी जे जेल लावतो ना त्यातलं, कुत्र्यांच्या गोचिडांच्या औषधात पण असतं. कोंबड्यांना रात्रीचे तांबडे बारीक किडे लागतात, रक्त पितात, ते मारायला एक फवारणीवाली कंपनी निलगिरी आणि मेंथॉलचं नैसर्गिक औषध म्हणून जे विकत होती त्यात हे मिसळलेलं निघालं. म्हणजे कोंबडीने काही खाल्लंच नव्हतं, शेड धुतली आणि ते अंड्यात उतरलं. लाखोंनी अंडी दुकानांतून उचलली, थेट हाँगकाँगपर्यंत गेलेली सापडली. आणि तिथलं सगळं गोड होतं असंही नाही हं, शेजारच्या बेल्जियमच्या अन्नसुरक्षा खात्याला जूनमध्येच कळलेलं आणि लोकांना ऑगस्ट उजाडल्यावर समजलं, का तर म्हणे तपास चालू होता.

सी-५०१ ताई: पण मला सांगायचंय ते पुढे. तिथे प्रत्येक अंड्याच्या कवचावर छाप असतो. पहिला आकडा कोंबडी कशी ठेवलीये त्याचा, ० सेंद्रिय, १ मोकळी फिरणारी, २ शेडमधली, ३ पिंजऱ्यातली, मग देशाची अक्षरं, मग फार्मचा नंबर. सरकारने वाईट फार्मांच्या नंबरांची यादीच टाकली. माझ्याकडे दोन बॉक्स होते, एक अर्धा झालेला आणि एक नवा, मी ओट्यापाशी उभी राहून एकेक अंडं फिरवत नंबर वाचले, कडेवर पोरगी. जुन्या बॉक्सातल्या चारांचा नंबर यादीत होता, नव्यातल्यांचा नव्हता. चार फेकली. उरलेल्यांतलं एक तिला त्याच संध्याकाळी भरवलं, आणि मला झोप लागली.

सी-५०१ ताई: आज सकाळी काकूंचा मेसेज वाचला आणि सवयीने ट्रेमधलं अंडं उचलून फिरवून बघितलं. एक बारीक पीस चिकटलेलं, आणि वाळलेली शीट. बाकी काही नाही. आता काय फेकू आणि काय ठेवू? एक तर तीसच्या तीस फेकायची नाहीतर तीसच्या तीस खायची, एवढंच हातात आहे आपल्या

बी-१०४: पण तिकडचे लोक घरीच कोंबड्या पाळतात ना मागच्या अंगणात, ते बेस्ट

सी-५०१ ताई: याच वर्षी एप्रिलमध्ये तिथल्या आरोग्य संस्थेने सांगितलं की घरच्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका, त्यात पीफास निघालं, नॉनस्टिक वगैरेमधली रसायनं, वर्षानुवर्षं मुरतात ती. कोंबडी माती टोचते, गांडुळं खाते, मातीत जे असेल ते अंड्यात. माझी तिथली मैत्रीण तिच्या तीन कोंबड्यांकडे बघत बसलीये नुसती 😐

ए-१०१ आजोबा: बरं ते प्लास्टिकचं अंडं येतं चायनाचं, त्याचा व्हिडिओ टाकू का

बी-४०३ डॉक्टर मॅडम: नका टाकू आजोबा 🙏 ते २०१७ चंच आहे, कलकत्त्याकडून सुरू झालं होतं, प्लास्टिकचं अंडं नावाची गोष्टच नाही. कवचाच्या आतला पापुद्रा वाळला की प्लास्टिकसारखा लागतो, लोक तोच जाळून दाखवतात

बी-१०४: अंड्यांचं जाऊ दे. केकमधलं चॉकलेट चायनाचं असतं असं ऐकलंय, ते कोण बघतं?

सी-२०५ दादा: चायनाचं चॉकलेट रीतसर येऊच शकत नाही इकडे, बंदी आहे, दुधाचे पदार्थ आणि चॉकलेट दोन्हीवर. २००८ चं मेलामाइन प्रकरण आठवतं का? बाळांच्या दूध पावडरीत घातलेलं, मेलामाइन म्हणजे त्या न फुटणाऱ्या ताटल्या असतात ना त्यांचं रसायन. दुधात पाणी घातलं की प्रोटीन कमी दिसतं, आणि लॅबवाले प्रोटीन मोजत नव्हते, नायट्रोजन मोजून अंदाज बांधत होते, मेलामाइनमध्ये नायट्रोजन ठासून भरलेला, टाकलं की पाणचट दूध कागदावर घट्ट. ६ बाळं गेली, ३ लाखांच्या आसपास आजारी, एवढ्याशा मुलांच्या किडनीत खडे. तेव्हा आपण बंदी घातली ती मुदत संपली की वाढव, संपली की वाढव, शेवटी २०१९ ला ठरवलं की बंदरांवरच्या लॅब मेलामाइन तपासण्याइतक्या तयार होत नाहीत तोवर बंदी राहणार

बी-३०२ काकू: म्हणजे लॅबच नाहीत?? 😳

बी-४०३ डॉक्टर मॅडम: २००८ च्याच ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगला चीनहून आलेल्या अंड्यांतही मेलामाइन सापडलं होतं, कोंबड्यांच्या खाद्यातून गेलेलं. बघा म्हणजे, खाद्य, औषध, फवारणी, माती, काहीही असो, शेवटी येतं अंड्यातच

ए-२०४ केकवाली ताई: माझ्या सामानाचे फोटो टाकतेय. चॉकलेट बेल्जियमचं, मागे इंपोर्टरचं स्टिकर आहे, नाव, पत्ता, १४ आकडी लायसन्स नंबर, झूम करून बघा. बटर आपलंच. दालचिनी...

ए-२०४ केकवाली ताई: आता पिशवी उलटी करून बघितली तर त्यावर काहीच नाही. कोको पण सुटा आणलाय घाऊक बाजारातून, झिपच्या पारदर्शक पिशवीत, दुकानदार म्हणाला इंपोर्टेड आहे आणि मी पण मान डोलावून घेऊन आले. खरं सांगतेय

सी-५०१ ताई: दालचिनी जाड सालीची, एकच कडक गुंडाळी असलेली आहे का?

ए-२०४ केकवाली ताई: हो

सी-५०१ ताई: मग ती कॅशिया असणार, बाजारात दालचिनी म्हणून बहुतेक तीच मिळते, व्हिएतनाम नाहीतर चीनकडची. खरी दालचिनी पातळ पापुद्र्यांची असते, बोटाने चुरा होते. केकमधल्या चिमटीने काही होत नाही पण वजन कमी करायला रोज चमचाभर दालचिनीचं पाणी पिणारे आहेत ना इथे, त्यांनी बघा, कॅशियात कुमारिन जास्त असतं, लिव्हरला बरं नाही

सी-३०३: 👀

सी-२०५ दादा: मी खाली दुकानात जाऊन आलो. विचारलं अंडी कुठली, म्हणाले टेम्पोवाल्याची. टेम्पो उभाच होता, निळी ताडपत्री, अर्ध्या ट्रेंवर ऊन. टेम्पोवाला म्हणे होलसेलरची. मी हट्टच धरला तर त्याने फोन लावून दिला. होलसेलर म्हणाला परवा हैदराबाद साइडची होती, आजची सोलापूर रोडची, गाडी येईल तशी उतरते. म्हटलं बिलावर फार्मचं नाव असतं का? जोरात हसला आणि विचारलं साहेब तुम्ही फूडवाले का

सी-२०५ दादा: आणि टेम्पोत एक ट्रे वेगळा ठेवलेला, सगळी तडकलेली. विचारलं तर म्हणाला ही गाड्यांवर जातात, भुर्जीला

बी-४०३ डॉक्टर मॅडम: मला भीती त्या ट्रेची आहे. तडकलेलं अंडं, त्यात ऊन, साल्मोनेला जंतूला अजून काय पाहिजे. भुर्जी निदान तव्यावर कडक होते. सेक्रेटरीसाहेब, ३१ तारखेच्या मेनूत सँडविचबरोबर मेयोनीज दिसतंय, केटरर ते कच्च्या अंड्याचं घरी फेटतो का?

सेक्रेटरी: फ्रेश बनवतो असं अभिमानाने म्हणाला होता.

बी-४०३ डॉक्टर मॅडम: तेच नकोय. केरळने २०२३ ला कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरला, तामिळनाडूने यंदा एप्रिलमध्ये. उगीच नाही घातली. दीडशे माणसांचं बनवून दोन तास टेबलावर ठेवणार, त्यात पन्नास मुलं. पॅकबंद घ्या नाहीतर एगलेस, नाहीतर सरळ हिरवी चटणी

बी-१०४: हिरवी चटणी +१

ए-१०१ आजोबा: चटणीत पाणी टाकीचं. मंगळवारची सफाई नीट होऊ द्या

सेक्रेटरी: मेयोनीज रद्द. नोंद घेतली.

बी-३०२ काकू: मग आता ब्रँडेडच घ्यावीत का सगळ्यांनी? पण सापडलं ते तर ब्रँडेडमध्येच ना

सी-५०१ ताई: काकू, त्याच्यावर नाव होतं म्हणून तर कोणीतरी लॅबला नेऊन टेस्ट केली आणि कोणाचं आहे ते सांगितलं. आपल्या ट्रेतलं कोण नेणार, आणि त्यात सापडलं तर नाव कोणाचं घेणार? म्हणून ते स्वच्छ वाटतं

सी-३०३: हे मात्र खरंय

ए-२०४ केकवाली ताई: ठरलं माझं. बॅच नंबर असलेला बॉक्स आणते, दालचिनी वगळते, जायफळ घालीन, कोको पण पॅकबंद. सगळ्या लेबलांचे फोटो इथेच टाकीन. किलोमागे १२० रुपये वाढतील. ज्यांनी कॅन्सल केलंय त्यांनी उद्या ११ पर्यंत सांगा, त्यानंतर मी अंडी फोडायला घेते

सी-३०३: आमचा कन्फर्म 🙈

बी-१०४: अर्धा किलो

बी-३०२ काकू: माझा पण ठेवा गं. एगलेस केलंस तर काय भाव?

ए-२०४ केकवाली ताई: तोच भाव काकू. फक्त त्यात कंडेन्स्ड मिल्क असतं, ते दूध कुठल्या म्हशीचं ते मला विचारू नका