‘मजबूत’ म्हणजे नक्की काय? तंतू घातलेल्या छापील प्लास्टिकचे शब्द

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. एका तांत्रिक पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. विषय: कार्बनचे किंवा काचेचे तंतू घालून थ्रीडी प्रिंटरवर बनवलेल्या प्लास्टिकचे यांत्रिक गुणधर्म. पहिल्याच पानावर अडले. तिथं म्हटलंय की नायलॉनमध्ये आखूड कार्बन तंतू मिसळले तर ‘स्ट्रेंग्थ’ वाढते, ‘स्टिफनेस’ त्याहून पुष्कळ वाढतो आणि ‘टफनेस’ बहुधा घटतो. मी लिहिलं, ‘मजबुती वाढते, कडकपणा पुष्कळ वाढतो, कणखरपणा घटतो.’ तपासणाऱ्या बाईंनी समासात शेरा मारला: ‘हे तिन्ही एकच नव्हे का?’ आता मलाही एकच वाटायला लागलंय.

कानस
ताई, बाईंचा शेरा रास्त आहे. ‘कडक’ हा शब्द आपण कुठंही चिकटवतो. कडक ऊन, कडक शिस्त, कडक इस्त्री. त्यातली इस्त्री तेवढी तुमच्या कामाची. कांजी केलेला सदरा वाकत नाही, पण म्हणून तो फाटायला अवघड झाला का? नाही. हाच स्टिफनेस: भार आल्यावर वस्तू किती कमी वाकते. ती मोडेल कधी, हा प्रश्न निराळा.
माझ्या मते स्टिफनेसला ‘ताठपणा’ लिहा. ‘ताठरपणा’ नको, त्याला स्वभावाचा वास येतो. ‘कडक’ला तर हातच लावू नका, कारण पुढं ‘हार्डनेस’ येईल तेव्हा तो लागेल. ओरखडा किंवा खड्डा किती सहज पडतो, ते हार्डनेस.

पाटीपेन्सिल
पटलं. मग स्ट्रेंग्थला ‘बल’ की ‘शक्ती’?

तंतुवाद्य
दोन्ही जागा भरलेल्या आहेत. पाठ्यपुस्तकात ‘बल’ म्हणजे फोर्स आणि ‘शक्ती’ म्हणजे पॉवर. उरतं ‘सामर्थ्य’. शब्द जरा भारदस्त आहे, पण अर्थ नेमका बसतो: मोडण्याआधी किती प्रतिबल, म्हणजे दर क्षेत्रफळामागे किती बल, सोसलं. ओढून मोडलं तर ताणसामर्थ्य, वाकवून मोडलं तर नमनसामर्थ्य. टफनेस म्हणजे मोडेपर्यंत किती ऊर्जा पोटात घेतली. त्याला आपला ‘चिवटपणा’ आहे आणि तो कुठल्याही परिभाषाकोशाची वाट न बघता सगळ्यांना कळतो. ‘कणखर’ माणसांसाठी राहू द्या.
आता तुमचं वाक्य आकड्यांत बघा. ताठपणा मोजायचा तो यंग गुणांकात; गुणांक जितका मोठा, तितका पदार्थ ताठ. एबीएस या छपाईत नेहमी लागणाऱ्या दुसऱ्या एका प्लास्टिकचा हा गुणांक साधारण २ गिगापास्कल (हे त्याचं एकक), नेहमीच्या काचतंतूचा ७० च्या आसपास आणि सर्वसाधारण कार्बन तंतूचा सुमारे २३०, म्हणजे पोलादापेक्षा थोडा जास्तच. मऊ माणसांच्या रांगेत इतकं ताठ कुणी उभं केलं की रांग ताठ होणारच. पण साधं नायलॉन मोडण्याआधी भरपूर लांबतं. तंतू घातले की ते थोडंसं लांबून तुटतं. त्यामुळे ताठपणा वाढूनही चिवटपणा जातो. तिन्ही एकच असते तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं, असं बाईंना कळवा.

उंबरठा
मधेच शंका. ‘लवचिक’ हे ताठच्या उलट ना? मग इलॅस्टिकला ‘लवचिक’ का म्हणतात?

तंतुवाद्य
चुकून. लवणारं ते लवचिक. भार काढल्यावर मूळ आकाराला येणारं ते स्थितिस्थापक. पोलादी स्प्रिंग ताठही असू शकते आणि स्थितिस्थापकही.

कानस
आता माझा खरा मुद्दा. नामांचा कीस काढताना आपण क्रियापदं विसरतोय आणि या विषयात मराठीची श्रीमंती तिथंच आहे. तांत्रिक इंग्रजीत बहुतेक सगळं ‘फेल’ होतं. आपल्याकडं दोरी तुटते, काठी मोडते, काच फुटते, कापड फाटतं, तापलेला पेला तडकतो, सुकलेली माती उलते, प्लायवुडचे पापुद्रे सुटतात. प्रत्येक क्रियापदात कोणत्या प्रकारचा भार आला आणि पदार्थ कसा होता हे दोन्ही येतं.
कार्बन तंतू घातलेल्या नायलॉनचा एक कोनाकृती आधार मी छापला होता. हाताला दगडासारखा लागायचा. बोल्ट आवळला आणि तो कोनातून दोन तुकडे होऊन हातात आला. मी सगळ्यांना सांगत होतो ‘मोडला’. प्रिंटर वितळलेल्या प्लास्टिकच्या रेघा ओढत थरावर थर रचतो. नीट बघितलं तर तुकड्याची कड गुळगुळीत, थरांच्या रेघेबरोबर सरळ. तो मोडला नव्हताच, सुटला होता. तंतू एकही तुटला नव्हता. मी ‘मोडला’ म्हणत राहिलो म्हणून आधी जाडी वाढवत बसलो. ‘सुटला’ म्हटलं असतं तर आडवा छापून बघायचं लवकर सुचलं असतं.

पाटीपेन्सिल
कानसदादा, हे सोनं आहे. पुस्तिकेत ‘डीलॅमिनेशन’ वीसेक वेळा आलंय आणि मी ‘विस्तरीकरण’ लिहून ठेवलंय!

तंतुवाद्य
खोडा. वाचणाऱ्याला ते ‘विस्तारीकरण’ वाटेल. ‘थर सुटणे’ किंवा ‘पापुद्रे सुटणे’ पुरे.
दादांचा आधार तसाच का सुटला, ते सांगतो, म्हणजे शब्द निवडायला सोपं जाईल. वितळलेलं प्लास्टिक नोझलमधून, म्हणजे प्रिंटरच्या तोटीतून, जाताना आखूड तंतू प्रवाहाच्या दिशेनं वळतात आणि छापलेल्या रेघेत बरेचसे लांबीला लागून झोपतात. म्हणून रेघेच्या दिशेत वस्तू ताठ. एका थरातून दुसऱ्या थरात जाणारे तंतू जवळपास नसतातच. तिथं काम करतं नुसतं प्लास्टिक, तेही अर्धवट जुळलेलं, कारण खालचा थर तोवर निवलेला असतो. दोन थरांतल्या लांब रेणूंना एकमेकांत शिरायला ऊब आणि वेळ लागतो, छपाईत दोन्ही तुटपुंजे. अखंड तंतू घालणारे प्रिंटर आहेत, मार्कफोर्ज्ड कंपनीने २०१४ साली असा पहिला प्रिंटर दाखवला. त्यात रेघेच्या दिशेचं सामर्थ्य कितीतरी वाढतं, पण थरांच्या मधली जागा तशीच राहते.
या दिशेच्या भेदाला परिभाषेत ‘विषमदिक्’ म्हणतात. शब्द चांगला आहे, मात्र पहिल्यांदा येईल तिथं लाकडाचं उदाहरण द्या: उभं फाडता येतं, आडवं तोडावं लागतं.

उंबरठा
‘मॅट्रिक्स’चं काय करणार? गणितातला ‘आव्यूह’ इथं हास्यास्पद होईल.

तंतुवाद्य
मूळ लॅटिन शब्दाचा एक अर्थ गर्भाशय. तंतू ज्याच्या पोटात असतात ते. मी ‘आधारद्रव्य’ वापरतो. ‘बंधक’ही सुचवलेलं पाहिलंय, पण त्यानं मला गहाणखत आठवतं.

कानस
‘शिअर’ला ‘कर्तन’ म्हणतात ते मला कधी झेपलं नाही. पत्त्यांचा कॅट हातानं तिरका केला की पानं एकमेकांवरून सरकतात, तिथं कापलं काय?

तंतुवाद्य
इंग्रजी शब्दही कापण्यावरूनच आलाय, त्यामुळे ‘कर्तन’ इमानदार आहे, फक्त डोळ्यापुढं चित्र उभं करत नाही. ‘थरांमधलं कर्तनसामर्थ्य’ लिहा आणि कंसात ‘थर सरकण्याला होणारा विरोध’.

पाटीपेन्सिल
‘व्हॉइड’ला ‘सच्छिद्रता’ चालेल?

कानस
मला नाही चालणार. सच्छिद्र म्हटलं की स्पंज दिसतो, पाणी आरपार. प्रिंटमध्ये दोन गोष्टी वेगळ्या असतात. शेजारशेजारच्या रेघा कडेला गोलसर, म्हणून त्यांच्यामध्ये लांबच लांब ‘फट’ राहते. आणि नायलॉन ओलं असेल तर नोझलमध्ये वाफ होऊन रेघेच्या आत ‘बुडबुडा’ राहतो. फटीवर उपाय छपाईच्या मांडणीत, बुडबुड्यावर उपाय फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला घालायची प्लास्टिकची तार, वाळवण्यात. एकाच शब्दात कोंबलंत तर वाचणारा चुकीचं बटण फिरवेल. दोन्हींना मिळून हवं असेल तर ‘पोकळ्या’.

पाटीपेन्सिल
सर्वांचे आभार. नवा खर्डा: ‘आखूड कार्बन तंतू मिसळल्यास रेघेच्या दिशेत ताणसामर्थ्य वाढते, ताठपणा त्याहून पुष्कळ वाढतो, चिवटपणा मात्र बहुधा घटतो. उभ्या दिशेत वस्तू कमजोर राहते आणि तिथे ती तुटण्याऐवजी तिचे थर सुटतात.’

कानस
झकास. फक्त ‘उभ्या दिशेत’ काढा. उभी म्हणजे कशी, छापताना की वापरताना? माझा आधार छापताना उभा होता, भिंतीवर लावल्यावर तीच दिशा आडवी झाली. ‘थरांना लंब दिशेत’ लिहा.