टाकीचं झाकणच दुकानात न्या
पुन्हा रंगवलेल्या जुन्या कारवर रंगाच्या कोडप्रमाणे आणलेला टचअप (ओरखडे झाकायचा रंग) वेगळाच का दिसतो, असं एकाने विचारलंय. दिसणारच भाऊ! गाडीवरच्या पट्टीवर छापलेला कोड कंपनीच्या मूळ रंगाचा. नंतर पेंटरने नजरेने जमवून मारलेल्या रंगाशी त्याचा काय संबंध?

पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण खोला आणि जळगाव-धुळ्यात जिथे रंग मिक्स करून देतात तिथे घेऊन जा. आधी त्यावर रबिंग कंपाउंड (रंगाचा वरचा खराब थर काढायची पेस्ट) घासा. आपल्याकडच्या उन्हाने (भुसावळचा मे आठवा) वरचा थर पांढुरका झालेला असतो. तसाच दाखवला तर दुकानदार त्या विटलेल्या थराशीच जुळवून देईल. नमुना कार्डावर मारून पूर्ण वाळू द्या, गाडीच्या रंगावर क्लिअर कोट (पारदर्शक चकचकीत थर) असेल तर तोही मारा, मग उन्हात आणि सावलीत गाडीला लावून बघा. ओला रंग फसवतो.

मेटॅलिक असेल तर ब्रशने हुबेहूब जमणं विसरा. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण स्प्रेने वेगळे बसतात, ब्रशने वेगळे. खडा लागून उडालेल्या टिपक्यापुरता ब्रश चालतो. लांब ओरखडा असेल तर पेंटरकडून कडेला विरवत स्प्रे मारून घ्या. आणि पत्रा तापलेला असताना काम नको, सकाळीच उरका.