रेशनसाठी मोर्चा काढायचाय. काढावा का? (वाशीनाका, चेंबूर)

वाशीनाक्याची_पोर
नमस्कार मंडळी. आम्ही वाशीनाक्याच्या पुनर्वसन इमारतींत राहतो. बायकांचा बचत गट आहे, बहुतेक जणी घरकाम करणाऱ्या. रेशनवरून सगळ्या वैतागल्यात. कुणाकडे केशरी कार्ड आहे पण धान्य नाही, कुणाच्या पोराचं नाव चढत नाही. माझ्या आईचा तर अंगठाच मशीनवर लागत नाही, भांडी घासून रेषा पार गेल्यात. दुकानदार म्हणतो, "मावशी, बोट पुसा, जोरात दाबा." आई पदराला अंगठा घासते, परत दाबते, मागची लाइन चुळबुळते. शेवटी "पुढच्या आठवड्यात या". कार्यालयात गेलं की एकच उत्तर, इष्टांक (किती जणांना धान्य द्यायचं तो ठरलेला आकडा) संपला. आता बायका म्हणतात मोर्चाच काढू. एका पक्षाचे भाऊ बॅनर आणि टेम्पो द्यायला तयार आहेत. काय करावं?

कुर्लेकर_७०
टेम्पो ज्याचा, फोटो त्याचा. निवडणूक झाली की भाऊ गायब. बाकी चालू द्या.

लाटणंवाली
कुर्लेकर, फोटोचं सोड, पण बॅनर नको हे खरंच. पोरी, भाऊंना म्हणावं झेरॉक्सचे पैसे द्या. दिले तर चांगला माणूस.

मी गोरेगावची. १९७२ साली मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या महागाईविरोधी समितीने लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आणल्या, त्यात माझ्या सासूबाई होत्या. त्या सांगायच्या, मोर्चाच्या कितीतरी आधीपासून चाळीचाळीत बैठका चालायच्या. लोकांना लाटणंच आठवतं.

तुझं दुखणं एक नाही, तीन आहेत, आणि प्रत्येकाची खिडकी वेगळी. सगळं एका निवेदनात कोंबलंस तर साहेब "वरून आदेश नाही" म्हणून एकदमच बाजूला सारतील.

आईच्या अंगठ्याचं आधी घे, कारण त्यात साहेबांना पळवाट नाही. आधारचं कारण सांगून पात्र माणसाला धान्य नाकारू नका, असं केंद्राच्या अन्न खात्याने २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. अंगठा न लागणाऱ्यांची यादी कर : नाव, कार्डाचा बारा आकडी नंबर, कुठल्या महिन्यात परत पाठवलं. अर्ज प्रत्येकीचा वेगळा, दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही समज. हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे भत्ता मागता येतो, तेही लिही. कुणी देत नाही सहज, पण कागदावर आलं की खुर्ची हलते.

केशरी कार्डाचं वेगळं. कार्ड केशरी असलं म्हणून धान्य मिळत नाही, 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का लागतो. तो असला की माणशी ५ किलो, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरिबांच्या कार्डाला, कुटुंबामागे ३५ किलो. शहरात प्राधान्यची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९,००० रुपये. म्हणजे महिना पाच हजारही नाही! चार घरची धुणीभांडी करणारी बाई यात बसेल कशी? हा आकडा ठरवणारे मुंबईत भाड्याने राहून बघोत. इथे मात्र स्थानिक साहेबाच्या हातात काही नाही. महाराष्ट्राच्या शहरी भागात ४५.३४ टक्के लोकांनाच या कायद्याखाली धान्य, आणि तेही २०११ च्या जनगणनेवर. मोर्चा काढायचाच तर उत्पन्नमर्यादा वाढवा या मागणीसाठी काढ, तोही मंत्रालयाच्या दिशेने.

काउंटरच्या_आतला
ताईंशी बहुतांशी सहमत. शिधावाटपात नोकरी केली, आता निवृत्त. पोराचं नाव चढवायला गेलं की सांगतात ते "इष्टांक संपला" हे अर्धं खरं असतं. मयत, स्थलांतरित, केवायसी न केलेले अशी नावं कमी होतात तेव्हा जागा होते. ती कुणाला दिली हे कुणी विचारत नाही. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून एवढंच विचारा : वर्षभरात या कार्यालयाने प्राधान्यमधून किती नावं कमी केली, किती नवी घेतली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लांबलचक प्रश्नावली पाठवू नका, मीच अशा प्रश्नावल्यांना "माहिती संकलित स्वरूपात नाही" लिहून परत पाठवायचो.

दुकानाच्या पातळीवरही दक्षता समिती असावी लागते, अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २९. तुमच्या दुकानाची कागदावर असेलच. सदस्य कोण ते विचारा. गंमत वाटेल.

वाशीनाक्याची_पोर
ताई, काका, धन्यवाद. एक अडचण राहिलीच. इमारतीत भाडेकरू खूप आहेत. घरमालक करार करत नाही, त्यामुळे पत्त्याचा पुरावा नाही. कार्ड गावचं, परभणी-जालन्याचं. आमच्याच गटातल्या काही जणी म्हणतात, त्यांना कशाला घ्यायचं, आपलंच होत नाही.

लाटणंवाली
अगं, मग साहेबात आणि तुमच्यात फरक काय? त्यांची यादी सगळ्यात वर घे, काम सोपं आहे. गावच्या प्राधान्य किंवा अंत्योदय कार्डावर मुंबईत धान्य उचलता येतं, आधार जोडलेला असला म्हणजे झालं. दुकानदार "तुमचा कोटा इथे नाही" म्हणाला तर तिथेच उभं राहून १९६७ ला फोन लावायचा आणि तक्रार क्रमांक मोठ्याने वाचायचा, लाइनीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

पावती मागायला सगळ्यांना शिकव. मशीनमधून निघते, तरी लोक न घेताच जातात, आणि नंतर कमी दिलं म्हणून बोंब मारायला हातात काही नसतं.

काउंटरच्या_आतला
भाडेकरूंचे आधार आधी गावच्या कार्डाला जोडलेत का ते तपासा. नाहीतर फोनवरची बाई तेच विचारेल. आणि कार्यालयात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा कुणी वर मान काढत नाही.