पंप बदलायची घाई नको

दादा, मांजरसुंब्याचा घाट चढून चहाला थांबलं की तुमची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) अर्धा तास चालू होत नाही आणि मेकॅनिक पेट्रोल ओढणारा पंप बदला म्हणतो, असं लिहिलंत. थांबा जरा. तुमचा पंप इलेक्ट्रिक, मागच्या चाकाजवळ. इंजिनची धग तिथवर जात नाही. चावी फिरवून कान द्या. टिकटिक होऊन थांबली तर पंप ठीक.

इंजिन बंद केल्यावरच बॉनेटखाली खरी भट्टी पेटते. फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं पेट्रोल उकळतं. त्यात आता २० टक्के इथेनॉल, तेही ७८ अंशालाच उकळणारं. पेट्रोलचा वास आला तर इंजिनात पेट्रोल जास्त झालंय; अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल वरखाली मारणं नको, चोक तर अजिबात नको. उष्णता अडवणारे कार्ब्युरेटरमागचा जाड स्पेसर (मधला तुकडा) अन् हीट शील्ड (पत्रा) जाग्यावर आहेत ना? माझ्या गाडीची शील्ड आधीच्या मालकानं चक्क काढून टाकली होती! प्रीमियर पद्मिनीचा पंप इंजिनवरच असतो, तिथं ओलं फडकं ठेवतात; इथं ते कामाचं नाही. थांबल्याबरोबर बॉनेट मात्र उघडा.