पत्नीचं नाव लष्करी नोंदीत वेगळं, सुरुवात कुठून करायची?

प्रश्न (कळवा): जवानांच्या कुटुंबांना कागदपत्रांत मदत करणारे आम्ही चार स्वयंसेवक. एका वहिनींचं आधारवर सासरचं नाव, युनिटच्या नोंदीत माहेरचं. जवान सीमेवर. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं का?

उत्तर: दादा, तिथे मार्गदर्शन मिळेल, नोंद बदलणार नाही. सेवेतल्या जवानासाठी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा नोंदीतल्या बदलाचा अधिकृत आदेश, युनिटच काढतं, तीही त्याच्याच अर्जावरून. विवाह नोंदणीचा दाखला आणि आधार स्वच्छ स्कॅन करून त्याला पाठवा, पुढचं युनिटचा क्लार्क सांगेल. मोबाइलवर तिरका काढलेला फोटो हमखास परत येतो.

उत्तर: आधी इंग्रजी स्पेलिंग जुळवा. एका कागदावर ‘आय’, दुसऱ्यावर ‘डबल ई’, एवढ्यावरही पुढे ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत कुटुंब निवृत्तिवेतन अडकतं. ऑर्डर निघाली की प्रत मागून घ्या, वहिनींच्या फायलीत लावा. तोंडी ‘झालंय’वर अजिबात थांबू नका.

उत्तर: आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सेवा क्रमांक, युनिटचं ठिकाण, सुट्टीच्या तारखा टाकू नका. हौशी मंडळी हेच विसरतात.